ऑक्सिडीभवनरोध आणि भांगेचे निष्कर्ष : एका संज्ञेची चिकित्सा

१

वैज्ञानिक लेखनाची चिकित्सा दोन अंगांनी होऊ शकते. प्रयोग यथायोग्य झाला की नाही, मोजमापे विश्वसनीय आहेत की नाहीत, हे त्या त्या शास्त्राच्या जाणकारांनी ठरवावयाचे असते. परंतु प्रयोगातून जे निष्पन्न झाले ते कोणत्या वाक्यात मांडले गेले, त्या वाक्याचे क्रियापद निश्चयार्थी आहे की संभवार्थी, आणि ते वाक्य एका लेखातून दुसऱ्या लेखात व एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना त्यातले काय गळून पडले, याचा विचार भाषाभ्यासकाच्या कक्षेत येतो. भांगेच्या वनस्पतीपासून काढलेली द्रव्ये शरीरात 'अँटिऑक्सिडंट' म्हणून कार्य करतात, या आज सर्वत्र आढळणाऱ्या विधानाची चिकित्सा येथे या दुसऱ्या अंगाने करावयाची आहे. तथापि पहिल्या अंगाकडे पाठ फिरवून ती करता येणार नाही. शब्दाचा अर्थ कोठे घसरला हे सांगण्यासाठी तो शब्द ज्या वस्तुस्थितीला लावला गेला ती वस्तुस्थिती ठाऊक असावी लागते.

या विधानाचे मूळ बव्हंशी एका शोधनिबंधाकडे जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील ए. जे. हॅम्पसन, एम. ग्रिमाल्डी आणि १९७० चे नोबेल पारितोषिक मिळविणारे ज्यूलियस ॲक्सेलरॉड यांनी डी. विंक यांच्यासह १९९८ साली तो प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षक मराठीत आणावयाचे तर 'कॅनाबिडिऑल आणि टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल ही चेतासंरक्षक अँटिऑक्सिडंट द्रव्ये आहेत' असे होईल. शीर्षक हे येथे नामसमूह नसून पूर्ण वाक्य आहे, आणि त्याचे क्रियापद 'आहेत' हे आहे. ते निखळ, निरपवाद आणि स्थळकाळाच्या कोणत्याही मर्यादेवाचून आलेले आहे. याउलट त्याच निबंधाच्या सारांशाचा शेवट पाहिला तर तेथे कॅनाबिडिऑल हे मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील अडथळ्यासारख्या विकारांवर उपयोगी पडू शकेल, अशी शक्यता या माहितीवरून सूचित होते, एवढेच म्हटलेले आहे. 'सूचित होते', 'शकेल' आणि 'शक्यता' असे तीन आडपडदे एकाच वाक्यात आहेत. शीर्षकात एकही नाही. पुढील पंचवीस वर्षांत जे विधान पसरले ते सारांशाच्या शेवटाचे नसून शीर्षकाचे होय.

२

'अँटिऑक्सिडंट' या शब्दाची कुळी पाहिली असता या घसरणीचे एक कारण स्पष्ट होते. मुळात 'ऑक्सिजन' हे नावच एका चुकीच्या सिद्धांताचे अपत्य आहे. लाव्हाझ्येला वाटले की, प्रत्येक आम्लात हा वायू असतो. म्हणून त्याने त्याचे नाव 'आम्लजनक' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून बनविले. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो हे हम्फ्री डेव्हीने १८१० च्या सुमारास दाखवून दिले. सिद्धांत गेला आणि नाव राहिले. आज त्या नावामुळे कोणाची दिशाभूल होत नाही, कारण त्यातील व्युत्पत्त्यर्थ मेलेला आहे. 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाची अवस्था नेमकी उलट आहे. त्यातील 'अँटि' हा उपसर्ग जिवंत आहे, आणि ऐकणाऱ्याच्या मनात तो शत्रू आणि रक्षक यांची जोडी उभी करतो.

हा शब्द शरीरशास्त्रात जन्मलेला नाही. शार्ल मूर आणि शार्ल द्युफ्रेस या फ्रेंच रसायनज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ॲक्रोलीन हे द्रव्य हवेत टिकत का नाही याचा अभ्यास हाती घेतला. हायड्रोक्विनोनासारखी फेनॉली द्रव्ये अत्यल्प प्रमाणात घातली तरी त्याचे बिघडणे थांबते, असे त्यांना आढळले. अशा द्रव्यांना त्यांनी 'ऑक्सिजनविरोधी' या अर्थाचे नाव दिले. पुढे रबर चिवट राहावे, पेट्रोलात गाळ धरू नये, खाद्यतेल खवट होऊ नये, यांसाठी ही द्रव्ये कारखान्यांत रूढ झाली. या सर्व ठिकाणी शब्दाचा अर्थ अगदी नेमका आहे. पिंपातील तेल निश्चल असते, त्यात बाहेरून काही येत नाही, आणि हवेने बिघडणे ही एकच घटना तेथे संभवते. ती थांबविणारे द्रव्य चांगले, यात शंका घेण्यास जागा नाही.

१९५६ साली डेनम हारमन यांनी वार्धक्याचा मुक्तमूलक सिद्धांत मांडला, १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडाचा नाश करणारे विकर शोधले, आणि १९८५ मध्ये हेल्मुट सीस यांनी 'ऑक्सिडीकरणाचा ताण' ही संकल्पना ग्रंथरूपाने प्रस्थापित केली. या तीन टप्प्यांनी शब्द पिंपातून शरीरात आला. परंतु शरीर म्हणजे पिंप नव्हे. श्वेतपेशी जंतूंना मारण्यासाठी ऑक्सिजनाची हीच तीक्ष्ण रूपे मुद्दाम निर्माण करतात. हायड्रोजन पेरॉक्साइड अल्प प्रमाणात पेशींतर्गत संदेशवाहकाचे काम करते. म्हणजे ज्याच्या विरोधासाठी 'अँटि' लावावयाचा ती गोष्ट शरीराची केवळ शत्रू नाही; ती त्याचे हत्यार आहे आणि त्याची भाषाही आहे. शब्दाने आपले जुने घर सोडले, पण त्या घराची गृहीते मात्र बरोबर आणली.

मराठी परिभाषेने येथे एक सोय करून ठेविली आहे, तिचा लाभ फारसा घेतला जात नाही. 'ऑक्सिडीभवन' आणि 'ऑक्सिडीकरण' हे दोन्ही शब्द मराठीत आहेत. त्यांतील दीर्घ 'ई' ही संस्कृत व्याकरणातील च्वि प्रत्ययाची खूण होय. जे आधी तसे नव्हते ते तसे होणे किंवा त्याला तसे करणे, असा या प्रत्ययाचा अर्थ आहे, आणि तो भू, कृ व अस् या धातूंच्या योगाने येतो. 'भवन' म्हटले की घटनेकडे लक्ष जाते, 'करण' म्हटले की कर्त्याकडे. इंग्रजी शब्दात हा भेद बुजलेला आहे. भवन रोखणारे द्रव्य आणि करण करणाऱ्याला गाठून निष्प्रभ करणारे द्रव्य यांना तेथे एकच नाव आहे. मराठीत ती दोन नावे सहज होऊ शकतात. तरीही मराठी लेखक 'अँटिऑक्सिडंट' असे लिहून मोकळा होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याऐवजी 'रसायन' हा आयुर्वेदातील शब्द योजतो. रसायन ही चिकित्सेची एक शाखा आहे. तिच्यात आहार, विहार, काल आणि व्यक्ती यांचा विचार अंतर्भूत आहे. तिला एका रासायनिक विक्रियेचे पर्यायी नाव करणे हे दोन्ही शास्त्रांवर अन्याय करणारे आहे.

३

विधानाचा दुसरा घटक म्हणजे त्याचा कर्ता. कार्य करते ते नेमके काय? 'भांगेचा अर्क' असे म्हटल्याने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

या वनस्पतीच्या नावांचा गोंधळ जुना आहे. इंग्रजीतील 'हेंप' हा शब्द मराठीत आणताना कोणी 'ताग' लिहितो, कोणी 'अंबाडी'. वस्तुतः इंग्रजी व्यापारी भाषेत 'हेंप' हे वाखाचे सामान्यनाम होऊन बसले होते. ताग, अंबाडी, घायपात आणि फिलिपीन्समधील एक प्रकारची केळ या चार अगदी भिन्न कुळांतील वनस्पतींना वेगवेगळी विशेषणे लावून 'हेंप' म्हणत. अंबाडीच्या शास्त्रीय नावातही 'भांगेसारखी' हे विशेषण शिरले आहे. यांपैकी एकीतही कॅनाबिडिऑल नाही. तेव्हा 'हेंप'विषयीचा परदेशी लेख वाचून त्यातील गुण अंबाडीला चिकटविणारे भाषांतर केवळ ढिसाळ ठरत नाही, ते असत्य ठरते.

भारतीय भाषांनी खुद्द भांगेच्या बाबतीत मात्र अवयवानुसार शब्दभेद काटेकोरपणे पाळला आहे. पानांची ती भांग, फुलोऱ्याचा तो गांजा, राळेचा तो चरस. गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात भांगेला स्वतंत्र प्रकरण दिले. १८९३-९४ च्या भांगद्रव्य आयोगालाही आपल्या विवेचनात हाच देशी शब्दभेद स्वीकारावा लागला. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने तोच उचलला. तेथे गांजा म्हणजे फुलांचा वा फळांचा तुरा, आणि तुऱ्यावाचूनची पाने व बिया त्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. कायद्याची व्याख्या जेवढी दक्षता घेते तेवढीही विज्ञानविषयक लेखन अनेकदा घेत नाही.

शब्दांच्या छटाही येथे आपले काम करतात. 'तुळशीत भांग' या वाक्प्रचाराने भांगेला कुलक्षणी ठरविले, 'गांजा'ला बदनामी चिकटली, 'हेंप' हा शब्द आरोग्यदायक भासतो आणि 'कॅनाबिस' हा तटस्थ. एकाच वनस्पतीविषयीचे एकच विधान या चार नावांनी लिहिले तर चार निराळे वाचक चार निराळ्या प्रकारे त्यावर विश्वास ठेवतील.

'अर्क' हा शब्दही तपासून घ्यावयास हवा. अरबीतून आलेला हा शब्द ऊर्ध्वपातनाने मिळविलेल्या द्रवाचा वाचक आहे. सूर्य आणि रुई या अर्थांच्या संस्कृत 'अर्क'शी त्याचा संबंध नाही. प्रयोगशाळेत ज्याला 'अर्क' म्हणतात तो पाण्याचा, अल्कोहोलाचा, हेक्झेनाचा किंवा उच्च दाबाखालील कार्बन डायऑक्साइडाचा असू शकतो, आणि त्या त्या द्रावकानुसार त्यात उतरणारी द्रव्ये बदलतात. कॅनाबिडिऑल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून पानांच्या जलीय काढ्यात ते नाममात्रच असते. त्या काढ्यात उतरतात ती फ्लॅव्होनॉइडे आणि इतर फेनॉली द्रव्ये, आणि ती चहाच्या पानात किंवा कोणत्याही हिरव्या पाल्यात थोड्याफार फरकाने आढळतात. शिवाय ताज्या वनस्पतीत कॅनाबिडिऑल बव्हंशी त्याच्या आम्लरूपात असते, उष्णतेने त्याचे रूपांतर होते. म्हणून 'भांगेच्या अर्कात ऑक्सिडीभवन रोखण्याचा गुण आढळला' या वाक्यातील गुण भांगेचा की केवळ हिरवेपणाचा, हे अवयव, द्रावक आणि उष्णता यांचा उल्लेख झाल्याशिवाय कळू शकत नाही. 'निष्कर्षण' हा शब्द या क्रियेसाठी मराठी परिभाषेत आहे. त्याच धातूपासून झालेला 'निष्कर्ष' हा शब्द अनुमानालाही लावला जातो. दोन्हींत काहीतरी ओढून बाहेर काढावयाचे असते. आणि दोन्हींत जे मुळात नव्हते ते बाहेर निघू शकत नाही.

४

आता विधानाचे क्रियापद. 'रोखते', 'संरक्षण करते', 'कार्य करते' ही क्रियापदे चार वेगवेगळ्या स्तरांवर वापरली जातात, आणि चारही स्तरांवर त्यांचे रूप एकच असते. दोष नेमका येथे आहे.

पहिला स्तर काचनळीचा. डीपीपीएच या द्रव्याचा जांभळा द्राव घ्यावयाचा, त्यात अर्क घालावयाचा आणि जांभळा रंग जाऊन पिवळा किती येतो ते मोजावयाचे, ही १९५८ पासून चालत आलेली परीक्षा अत्यंत सोपी आहे. म्हणूनच ती अत्यंत लोकप्रिय आहे. तिने सिद्ध होते ते एवढेच की, त्या अर्कातील काही द्रव्ये या एका कृत्रिम मूलकाला हायड्रोजन वा इलेक्ट्रॉन देऊ शकतात. डीपीपीएच शरीरात कोठेही नसते. कॅनाबिडिऑलाच्या रेणूत दोन आणि टीएचसीच्या रेणूत एक फेनॉली हायड्रॉक्सिल गट आहे. त्यांनी या परीक्षेत काहीच केले नसते तर ते आश्चर्य ठरले असते.

दुसरा स्तर पेशीसंवर्धनाचा. १९९८ चा निबंध या स्तरावरचा आहे आणि तो उत्तम आहे, हे येथे निःसंदिग्धपणे नमूद करावयास हवे. उंदरांच्या मेंदूच्या बाह्यांगातील चेतापेशी काचपात्रात वाढवून त्यांना ग्लुटामेटाची विषारी मात्रा देण्यात आली. कॅनाबिडिऑल आणि टीएचसी या दोन्हींनी पेशींचा मृत्यू कमी केला. कॅनाबिनॉइड ग्राहींचा मार्ग औषधाने अडविला तरी संरक्षण टिकून राहिले. यावरून संरक्षणाचा मार्ग ग्राहींवाचूनचा आहे असे लेखकांनी अनुमान केले. या द्रव्यांची इलेक्ट्रॉन देण्याची क्षमता त्यांनी विद्युत्‌रासायनिक पद्धतीने स्वतंत्रपणे मोजली, आणि काचपात्रातील संरक्षणात कॅनाबिडिऑल हे क व ई जीवनसत्त्वांपेक्षा सरस ठरल्याचे दाखविले. अनुमानाची प्रत्येक पायरी येथे दिसते. दोष असलाच तर तो त्या 'आहेत' या शीर्षकातील क्रियापदाचा.

या प्रयोगाधारेच अमेरिकेच्या आरोग्य व मानवसेवा विभागाला ऑक्टोबर २००३ मध्ये ६६३०५०७ या क्रमांकाचे पेटंट मिळाले. 'कॅनाबिनॉइडे : अँटिऑक्सिडंट व चेतासंरक्षक म्हणून' असे त्याचे नाव आहे. निबंधातील 'आहेत'च्या जागी येथे 'म्हणून' आले. 'म्हणून' हे अव्यय विधान करीत नाही, ते योजना सांगते : या द्रव्यांचा असा उपयोग करण्याचा हक्क. पेटंटाला नावीन्य, उपयुक्ततेचा संभव आणि सहज न सुचण्याजोगी कल्पना एवढ्या गोष्टी लागतात. रोग्यांवर गुण आल्याचा पुरावा लागत नाही. १९७० च्या कायद्याने ज्या वनस्पतीला वैद्यकीय उपयोग नाही असे ठरविले तिच्याच द्रव्यांवर त्याच शासनाने पेटंट घेतले, ही विसंगती राजकीय वादात वारंवार पुढे केली गेली, आणि त्या धोरणावर ती टीका म्हणून रास्तही आहे. परंतु तिच्यावरून 'शासनाने औषधी गुण मान्य केला' असे अनुमान काढणे म्हणजे हक्कपत्राला प्रमाणपत्र समजणे होय. हे पेटंट २०१९ मध्ये कालबाह्य झाले. त्यावर आधारलेले अनुमान मात्र अद्याप चालू आहे.

५

तिसरा आणि चौथा स्तर शरीराचे : प्रथम प्राण्याचे, मग माणसाचे. 'शरीरात' हा शब्द लिहिताच तीन प्रश्न उभे राहतात : द्रव्य आत किती गेले, कोठे पोहोचले आणि तेथे आधीपासून काय होते.

तोंडाने घेतलेल्या कॅनाबिडिऑलाचा फार थोडा अंश, साधारणतः शेकडा सहाच्या आसपास, रक्ताभिसरणात पोहोचतो. बाकीचे आतड्यातून शोषले जात नाही किंवा यकृतात पालटते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना उपाशीपोटी १,५०० मिलिग्रॅम एवढी मोठी मात्रा एकदम देऊनही रक्तद्रवातील उच्चतम प्रमाण दर मिलिलिटरला सुमारे २९२ नॅनोग्रॅम भरले. रेणुभार ३१४ धरला तर हे दर लिटरला एका मायक्रोमोलपेक्षा किंचित कमी होते. स्निग्ध जेवणाबरोबर ते जवळजवळ पाचपट वाढते. त्यातही शेकडा ९४ हून अधिक भाग रक्तातील प्रथिनांना बांधलेला असतो.

आता त्याच रक्तद्रवात आधीपासून काय आहे ते पाहावे. यूरिक आम्ल दर लिटरला २०० ते ४०० मायक्रोमोल असते, क जीवनसत्त्व पन्नासाच्या आगेमागे. आणि पेशींच्या आत ग्लुटाथायोन एक हजारापासून दहा हजार मायक्रोमोलपर्यंत असते. ही सर्व द्रव्ये मूलकांना गाठण्याचे काम अहोरात्र करीत असतात. एवढ्या सैन्यात एक मायक्रोमोलाची भर पडल्याने लढाईचा निकाल फिरेल, ही कल्पना अंकगणितालाच मानवत नाही. कॅनाबिडिऑल स्नेहविद्राव्य असल्यामुळे पेशीपटलांत व मेदात ते अधिक साठते, आणि तेथील चित्र रक्ताहून निराळे असू शकते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु मग विधानही तेवढेच आखूड हवे. ते पेशीपटलाविषयी असावे, शरीराविषयी नव्हे. धूम्रपानाच्या बाबतीत तर प्रश्नच उलटतो. गांजाच्या धुरात तंबाखूच्या धुरातील बहुतेक दाहक द्रव्ये आढळतात, आणि २००८ च्या एका कॅनडियन मोजणीत अमोनिया तंबाखूच्या वीसपटीपर्यंत भरला. ऑक्सिडीभवन रोखणारे द्रव्य धुरातून घेणे म्हणजे ज्याला रोखावयाचे त्याला आधी घरात बोलाविणे होय.

याचा अर्थ या द्रव्यांचा शरीरात काहीच परिणाम होत नाही असा मात्र नव्हे. तसे म्हणणे ही उलट दिशेची घसरण होईल. मधुमेही केलेल्या उंदरांवरील २०१० च्या एका अभ्यासात कॅनाबिडिऑल दिल्यावर हृदयस्नायूतील ऑक्सिडीकरणाच्या खुणा आणि पेशीनाश कमी झाल्याचे आढळले. २०२० मध्ये मानवी त्वचापेशींवरील संशोधनातून दिसले की, कॅनाबिडिऑल हे बॅक-१ नावाच्या नियंत्रक प्रथिनाचा अंकुश सैल करते आणि त्यामुळे हीम-ऑक्सिजनेज हे संरक्षक विकर अधिक प्रमाणात तयार होते. हा मार्ग अगदी निराळा आहे. द्रव्य येथे स्वतः मूलकाला गाठीत नाही. ते पेशीला तिचे स्वतःचे संरक्षण उभे करण्यास प्रवृत्त करते. त्यासाठी अल्प प्रमाणही पुरू शकते, कारण एक रेणू एका मूलकासाठी खर्ची पडत नाही. गंमत अशी की, पेशीचे संरक्षण जागे करणाऱ्या द्रव्यांपैकी कित्येक स्वतः सौम्य ऑक्सिडीकारक असतात. त्यांच्या किंचित चिमट्यानेच संरक्षण जागे होते. म्हणजे ज्यांना 'अँटिऑक्सिडंट' म्हणावयाचे त्यांतील काहींचे कार्य ऑक्सिडीकरणानेच घडते. काचनळीतील रंगबदल आणि पेशीतील हा जनुकीय प्रतिसाद यांना एकच नाव देणे यापुढे समर्थनीय ठरत नाही.

६

हा वाद केवळ शब्दांचा नाही, हे जीवनसत्त्वांच्या इतिहासाने यापूर्वीच दाखवून दिले आहे. बीटा-कॅरोटीन काचनळीत मूलकांना गाठते, आणि ज्यांच्या आहारात ते अधिक असते त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, या दोन खऱ्या विधानांवरून तिसरे विधान काढले गेले. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपायी पुरुषांवरील प्रयोगाचा निकाल १९९४ मध्ये आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग शेकडा १८ ने अधिक आढळला. अमेरिकेतील १८,३१४ व्यक्तींवरील दुसऱ्या प्रयोगात तो शेकडा २८ ने अधिक निघाला, आणि तो प्रयोग १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावा लागला. २००९ साली तरुण पुरुषांवरील एका अभ्यासात व्यायामाने इन्शुलिनाबाबत होणारा लाभ क व ई जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी पुसला गेल्याचे दिसले. शरीर ज्या संदेशाची वाट पाहत होते तोच रोखला गेला होता. अमेरिकेच्या कृषिविभागाने खाद्यपदार्थांच्या ऑक्सिडीभवनरोधक क्षमतेची आपली सारणी २०१२ मध्ये मागे घेतली. काचनळीतील आकडा शरीरातील परिणाम सांगत नाही, आणि जाहिरातदार त्याचा दुरुपयोग करतात, अशी कारणे तेव्हा देण्यात आली. ज्या घसरणीची किंमत धूम्रपायी माणसांनी १९९४ पूर्वी मोजली तीच घसरण भांगेच्या निष्कर्षांबाबत पुन्हा होऊ द्यावयाची काय, हा प्रश्न या चिकित्सेच्या मुळाशी आहे.

याच द्रव्याच्या संदर्भात चांगल्या विधानाचा नमुनाही उपलब्ध आहे. ड्राव्हे लक्षणसमूह या दुर्धर अपस्माराने पीडित १२० मुले व तरुण यांच्यावरील २०१७ च्या प्रयोगात रोज किलोग्रॅममागे २० मिलिग्रॅम कॅनाबिडिऑल दिलेल्या गटात आचक्यांची महिन्याची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली, तर तुलनागटात ती १४.९ वरून १४.१ एवढीच उतरली. या व अशा प्रयोगांनंतर २०१८ मध्ये अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळाली, आणि यकृतविकरांची वाढ हा त्याचा प्रतिकूल परिणामही औषधाच्या माहितीपत्रकात नोंदला गेला. या विधानात कोणाला, किती, किती काळ आणि कशाच्या तुलनेत हे सर्व आहे. त्यात 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द कोठेही लागला नाही. भांगेच्या द्रव्याचा माणसांवर जो गुण सर्वांत भक्कमपणे सिद्ध झाला तो सांगण्यासाठी या संज्ञेची गरज पडली नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

७

परिभाषेच्या दृष्टीने एका जुन्या शब्दाची येथे आठवण करणे अस्थानी होणार नाही. शार्ङ्गधरसंहितेत द्रव्यांच्या वर्गीकरणात 'व्यवायी' असा एक वर्ग आहे. जे द्रव्य आधी सर्व शरीर व्यापते आणि मग पचते ते व्यवायी. आणि त्याची दोन उदाहरणे म्हणून भांग व अफू यांची नावे दिली आहेत. प्राचीनांना आजचे औषधशास्त्र अवगत होते, असे यावरून सुचवावयाचे नाही; तसे सुचविणे हीदेखील एक घसरणच ठरेल. लक्षात घ्यावयाचे ते वर्गीकरणाचे तत्त्व. 'व्यवायी' हा शब्द द्रव्याचा शरीरातील मार्ग आणि क्रम सांगतो. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द काचनळीतील एक घटना सांगतो आणि मार्गाविषयी मौन पाळतो. शरीराविषयी बोलणाऱ्या परिभाषेने मार्गाची दखल घ्यावी, ही अपेक्षा मराठी वैद्यकीय परंपरेला परकी नाही.

व्यवहारात याचा परिणाम संज्ञांच्या विभागणीत दिसावयास हवा. काचनळीत मूलकाला गाठणाऱ्या द्रव्याला 'मूलकग्राही' म्हणता येईल. तेलात किंवा पेशीपटलात स्निग्धांशाचे बिघडणे थांबविणाऱ्याला 'ऑक्सिडीभवनरोधक' हे नाव यथार्थ आहे. पेशीचे स्वतःचे विकर वाढविणाऱ्याला 'संरक्षणप्रेरक' म्हणावे. आणि माणसाच्या बाबतीत असे कोणतेच नाव न वापरता कोणता रोग, कोणते लक्षण किंवा कोणती मोजणी बदलली तेच सांगावे. या संज्ञा बोजड आहेत, असा आक्षेप येईल. परंतु आज 'अँटिऑक्सिडंट' या एका सुटसुटीत शब्दाने जे काम होते ते अर्थवहनाचे नसून अर्थ झाकण्याचे आहे. काळानेच त्यांतील काही शब्द घासून सोपे होतील, काही गळतील.

क्रियापदांचीही हीच गोष्ट. मराठीत 'आहे', 'असावे', 'असू शकेल', 'संभवते', 'आढळले' यांच्यात स्पष्ट अर्थभेद आहेत, आणि ते सांभाळण्यास कोणत्याही नव्या परिभाषेची गरज नाही. 'कॅनाबिडिऑल मेंदूचे संरक्षण करते' आणि 'काचपात्रातील उंदराच्या चेतापेशींत कॅनाबिडिऑलामुळे पेशीनाश कमी झाल्याचे आढळले' या दोन वाक्यांतील अंतर हे काही शैलीचे अंतर नव्हे. पहिले वाक्य पक्षाघाताच्या रोग्याचा मुलगा वाचतो आणि औषध बदलतो. दुसरे वाचून तो डॉक्टरांना प्रश्न विचारतो. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि आयुर्वेद यांतील जे प्रबंध आज मराठीत किंवा मराठी सारांशासह सादर होतात, त्यांच्या परीक्षकांनी सारांशातील प्रत्येक क्रियापदासमोर स्तर, अवयव, द्रावक आणि मात्रा यांची नोंद आहे की नाही एवढे तपासले तरी पुष्कळ काम होईल. ती नोंद करण्यास बहुधा एक ओळ पुरते, आणि ती ओळ शीर्षकात मावत नसेल तर शीर्षकातील 'आहेत' काढून टाकणे हाच योग्य उपाय होय.